घोड्याचे दात आणि ट्यूबची पाठ

चौदा वर्षांच्या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर पहिली पुटकुळी उगवते, त्या दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात आपोआप एक वैद्यकीय मंडळ स्थापन होतं. आजी बेसनाचा डबा काढते. आई हळदीवर ठाम असते. आत्या फोनवरून टूथपेस्ट सुचवते. दातांची वस्तू नाकाला का लावायची, हे कोणी विचारत नाही, कारण आत्याला उलट विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. काका "पोट साफ होतंय का?" असं विचारतात, कारण काका कुठल्याही विषयावरून निघाले तरी अखेर तिथेच पोचतात. शेजारच्या वहिनी पदराआडून एक बिननावाची डबी काढतात. "यात काय आहे हो?" "ते नाही बाई माहीत. पण चार दिवसांत फरक!" दरम्यान, जिच्या नाकावर हे अधिवेशन भरलेलं असतं ती दार लावून मोबाइलमधल्या कोरियन मुलीकडून चेहरा धुण्याचा दहा पायऱ्यांचा विधी शिकत असते. संध्याकाळपर्यंत त्या एका पुटकुळीवर तीन पिढ्यांचे आणि दोन देशांचे थर चढतात. एकटी असती तर ती आठवड्याभरात मुकाट निघून गेली असती. एवढा मानपान पाहून ती नातेवाईक बोलावून घेते. या सगळ्या धांदलीत एक गोष्ट मात्र कोणीच करत नाही: डबी, ट्यूब किंवा बाटली उलटी करून तिची पाठ वाचणं. पोरापोरींसाठी प्रसाधनं कशी निवडावीत याबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते एवढंच, आणि ते एका वाक्यात मावतं: जी वस्तू स्वतःचा पत्ता सांगत नाही, तिला आपल्या तोंडाचा पत्ता देऊ नये. वाक्य लहान आहे. ते पाळताना भल्याभल्यांची दमछाक का होते, एवढाच काय तो प्रश्न.

आपण भोळे आहोत म्हणून वाचत नाही, हे काही खरं नाही. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा आहे. दत्तजयंतीच्या यात्रेत तिथे घोड्यांचा नामांकित बाजार भरतो. त्या बाजारात घोडा घेणारा माणूस पाहावा. तो घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, खूर उचलतो, डोळ्यांसमोर हात नाचवतो आणि अंगावरचे भोवरे असे तपासतो, की पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांनी त्याच्याकडे शिकवणी लावावी. "चालवून दाखव." "आता पळवून दाखव." "याची आई कुठली?" विकणारा शपथांवर शपथा घेत असतो आणि घेणारा त्यांतली एकही ऐकत नसतो. आता असाच माणूस आपल्या लेकीला घेऊन शेजारच्या पालावर येतो. तिथे गुलाबी ट्यूबांची रास पडलेली असते. "केवढ्याला?" "वीस." "द्या." व्यवहार संपला! जबडा उघडणं नाही, आई कुठली हे विचारणं नाही. घोडा अंगणात बांधायचा असतो आणि ट्यूबमधला माल अंगात मुरवायचा असतो; पण चौकशी अंगणवाल्याची होते, अंगातल्याची होत नाही. घोड्याने लाथ मारली तर निदान लगेच कळतं तरी.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत नर्मदेकाठी मणिबेली आहे. सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं महाराष्ट्रातलं हे पहिलं गाव. तिथे जायचं तर डोंगर उतरायचा किंवा होडीत बसायचं. या पट्ट्यात सरकारी दवाखानासुद्धा तरंगत येतो. 'तरंगता दवाखाना' हे कवीला सुचलेलं रूपक नसून आरोग्य खात्याची नौका आहे. डॉक्टरला पाणी कापत यावं लागतं अशा ठिकाणी शांपूची पुडी मात्र कुठल्याही शासकीय योजनेविना, कुठल्याही उद्घाटनाविना, केव्हाची पोचलेली असते. पुडीची ही किमया मोठी आहे. १९८०च्या दशकात दक्षिणेत छोट्या पुडीत शांपू विकण्याचा प्रयोग यशस्वी झाला आणि तेव्हापासून भारतातलं सौंदर्य सुटं मिळू लागलं. पण गंमत पुढे आहे. आपल्या प्रसाधनविषयक नियमांनुसार वेष्टनावर घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे. मात्र पातळ पदार्थ ६० मिलिलिटरपेक्षा आणि घट्ट किंवा अर्धघट्ट पदार्थ ३० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर यादीतून सूट आहे. जागा नसते, हे कारण. मोठ्या कंपन्या लहान पाकिटावरही यादी छापतात, हे त्यांना शोभतंच. पण सक्ती नाही. म्हणजे मुंबईच्या मॉलमध्ये अर्ध्या लिटरची बाटली घेणाऱ्याला आत काय आहे हे कळण्याचा हक्क, आणि आठवडे बाजारात पुडी घेणाऱ्या पोरीला फक्त सुवासाचा. आणि यादी असलीच तर ती इंग्रजीत, मुंगीलाही चष्मा लागेल अशा अक्षरांत. मणिबेलीच्या मुलीची घरची बोली भिली, शाळेची भाषा मराठी. इंग्रजी तिच्यासाठी तिसरी, आणि प्रसाधनांच्या यादीतलं लॅटिनमिश्रित इंग्रजी तर खुद्द इंग्रजांसाठीही तिसरंच असावं.

तरीही यादी वाचता आली, तर तिच्याएवढं विनोदी साहित्य अलीकडे कोणी लिहीत नाही. वेष्टनाच्या पुढच्या बाजूला केशर असतं, बदाम असतात, चंदन असतं, एखादी नटी असते. मागे यादीत पहिलं नाव असतं 'अ‍ॅक्वा'. अ‍ॅक्वा म्हणजे पाणी. नियम असा, की जे जास्त ते आधी लिहायचं. म्हणजे बहुतेक वेळा आपण पाणी विकत घेत असतो, आणि धरणाची भिंत १३८.६८ मीटरपर्यंत चढवून ज्या गावाला फुकट पाणी पोचवलं, त्या गावाला तेच पुन्हा ट्यूबमधून विकायचं, हे व्यापारातलं धाडस वाखाणण्याजोगं आहे. पुढे पाहावं तर, एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. केशर, बदाम आणि चंदन बहुधा त्याच गर्दीत, मागच्या बाकावर बसलेले सापडतात; पुढच्या बाजूच्या छायाचित्रासाठी तेवढं त्यांना बोलावलेलं असतं. आणि अगदी शेवटी 'परफ्यूम' नावाचा एक शब्द असतो. हा शब्द म्हणजे बंद खोली आहे. आत दहा जण आहेत की पन्नास, हे सांगायची सक्ती नाही. म्हणून पोरांच्या वस्तू घेताना बिनवासाची किंवा कमी वासाची घ्यावी, हा सल्ला अरसिकपणाचा वाटला तरी शहाणपणाचा आहे. आपल्याकडे मात्र वास हीच गुणवत्ता. दुकानदार बाटली उघडतो, गिऱ्हाईक नाक खुपसतं, "आहाऽ" म्हणतं, आणि तपासणी पूर्ण होते.

पण यादी नसलेला माल ही सगळ्यात मोठी भीती नव्हे. ज्या डबीवर काहीच नसतं, तिची भीती धरावी. अकोल्यात एका महाविद्यालयीन तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा त्रास सुरू झाला. २०२३च्या सुरुवातीला बातम्या आल्या, तेव्हा कळलं की तिघींच्या समान धाग्याचा शोध घेता घेता डॉक्टर एका पार्लरमधून आणलेल्या क्रीमपर्यंत पोचले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली. निघाला पारा, मर्यादेच्या कितीतरी पट. आपल्या नियमांत चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा दहा लाख भागांत एक भाग, तोही नकळत आलेला, एवढाच चालतो. नंतर केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या अशाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही गोरेपणाच्या क्रीमचा हात दिसला. पाऱ्याचं काम अगदी इमानदारीचं असतं. त्वचेला काळसर छटा देणारं रंगद्रव्य बनवणारी प्रक्रिया तो अडवतो, त्यामुळे वहिनी म्हणतात तसा चार दिवसांत फरक खरंच दिसतो. मग तो त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडापर्यंत जातो. त्याचाही फरक दिसतो, फक्त तो आरशात दिसत नाही. टॉवेल आणि हात यांच्यामार्फत क्रीम न लावणाऱ्या घरच्या पोरांपर्यंतही तो पोचतो. क्रीम बंद केली की रंग परत येतो. मूत्रपिंडाबद्दल तशी हमी कोणी देत नाही. म्हणून 'चार दिवसांत फरक' हे वाक्य ऐकलं, की ते प्रमाणपत्र न समजता धोक्याचा भोंगा समजावा. साध्या, सभ्य, सुरक्षित क्रीमला चार दिवसांत काहीच जमत नाही, हीच तिच्या सभ्यपणाची खूण.

पार्लरची डबी टाळली म्हणजे सुटलो असंही नाही, कारण कोपऱ्यावर मेडिकल असतं. मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाला आपण प्रेमाने 'डॉक्टर' म्हणतो, आणि एकदा कोणी म्हटलं की त्यालाही तसं वाटायला लागतं. "डॉक्टर, चेहऱ्यावर डाग आहेत." "ही लावा." 'ही' म्हणजे पुष्कळदा स्टेरॉइडचं मलम, जे गजकर्णापासून लग्नाच्या तयारीपर्यंत सगळ्याला चालतं अशी लोकश्रद्धा आहे. पहिल्या पंधरवड्यात चेहरा असा उजळतो, की घरातले डॉक्टरांची आरती करायची बाकी ठेवतात. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या दुपटीने येतात, मुलींच्या गालावर लव वाढते. आणि मलम थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच मलम. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या बिघडलेल्या चेहऱ्याला स्वतंत्र नाव देऊन त्याविरुद्ध बरीच वर्षं आघाडी चालवली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत अशा यादीत घातली. तेव्हापासून ती चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, असं यादीत लिहिलेलं आहे.

एवढं सांगितलं की पहिला आक्षेप येतो, आणि तो आजीकडून येतो: "म्हणूनच म्हणते, नैसर्गिक वापरा." आजीशी वाद घालण्याची हिंमत या लेखकात नाही, म्हणून सातपुड्यातला एक साक्षीदार बोलावतो. बिब्बा. शंभर टक्के नैसर्गिक, जंगलात उगवलेला, रसायनांचा स्पर्श नाही, आयुर्वेदात स्थान आहे. त्याच्या तेलाचा एक थेंब गालावर लावून पाहावा. म्हणजे खरं तर पाहू नये, कारण फोड येतात. धोबी त्याच्या रसाने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करतात, त्या गालावर कोणालाच नको असतील. लिंबूही नैसर्गिकच आहे. ते तोंडाला चोळून उन्हात हिंडलं की काळे चट्टे पडतात. काही जातीच्या सुरम्याचा मूळ दगड शिशाचा असतो आणि तोही थेट निसर्गाच्याच खाणीतून येतो. मेंदीचा रंग तांबूस. ती जर तासाभरात काळीकुट्ट रंगली, तर आत बहुधा केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं. निसर्ग काही आपल्या कातडीची काळजी घ्यायला बसलेला नाही. आणि आजीचा काळ निर्मळ होता म्हणावं, तर मुंबईत ई. एस. पाटणवालांचं 'अफगाण स्नो' १९१९ पासून विकलं जात होतं आणि 'फेअर अ‍ॅण्ड लव्हली' १९७५ साली आलं; तेव्हा आजी कॉलेजात होती आणि बेसनाच्या डब्याकडे ढुंकून पाहत नव्हती. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका तर त्याच पिढीतल्या. त्या तर साधी टिकलीच लावत होत्या.

दुसरा आक्षेप याच्या बरोबर उलट, आणि तो मोबाइलवर शिकलेल्या भाच्याकडून येतो: "मामा, सगळ्यातच केमिकल असतं. मग जगायचं कसं?" याला उत्तर असं, की केमिकल पाण्यातही असतं, पाणी हेच केमिकल आहे. प्रश्न कुठलं आणि किती, हा आहे. पॅराबेनचं नाव ऐकून हल्ली लोक दचकतात. पण पाणी घातलेल्या क्रीममध्ये काहीतरी टिकाऊपणाचं औषध नसेल, तर नंदुरबारच्या उन्हाळ्यात त्या डबीत बुरशीची बाग फुलेल. युरोपनेही काही पॅराबेन बंद केले आणि काहींना मर्यादा घालून परवानगी ठेवली. म्हणजे घाबरून पळायचं नाही आणि आंधळेपणाने चोपडायचंही नाही, कमी करायचं. कमी केल्याने खरंच फरक पडतो, याचा एक सुरेख पुरावा कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास गावातून २०१६ साली प्रसिद्ध झाला. शेतमजुरांच्या त्या वस्तीतल्या शंभर किशोरवयीन मुलींनी तीन दिवस आपली नेहमीची प्रसाधनं बाजूला ठेवून थॅलेट, पॅराबेन, ट्रायक्लोसान वगैरे रसायनं नसल्याचं सांगणारी वापरली. तीन दिवसांत लघवीतलं मिथाइल पॅराबेन सुमारे ४४ टक्क्यांनी आणि ट्रायक्लोसान ३६ टक्क्यांनी उतरलं. शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे हेही नोंदवलं, की दोन पॅराबेन उलट वाढले. म्हणजे लेबलवर निमंत्रण नसलेले पाहुणेही कधी कधी पंगतीत बसतात. आकड्यांचा अर्थ 'आजार बरा झाला' असा नाही. अर्थ एवढाच, की अंगात जाणाऱ्या पुष्कळ गोष्टींची कळ आपल्याच हातात असते आणि ती फिरवायला तीन दिवस पुरतात. आपल्याकडे तर साधेपणाला सर्वोच्च न्यायालयाचाही आशीर्वाद आहे: लहान बाटलीतलं खोबरेल तेल खायचं की केसांना लावायचं, हा करापायी वर्षानुवर्षं चाललेला वाद डिसेंबर २०२४ मध्ये मिटला, आणि बाटलीवर केसांचं तेल असं लिहिलेलं नसेल तर ते खाद्यतेल ठरलं. म्हणजे अर्धा महाराष्ट्र गेली कित्येक वर्षं डोक्याला जेवण घालतो आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा असतो, आणि तो शहरात जास्त ऐकू येतो: "आमच्याकडे पार्लरची डबी नाही हो, सगळं इम्पोर्टेड!" महाग ते सुरक्षित, ही आपली जुनी समजूत. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ साली मुलींच्या चेहऱ्यांच्या निगराणीचे १०० व्हिडिओ पाहिले. मुली ७ ते १८ वर्षांच्या. सरासरी सहा वस्तू, महिन्याचा खर्च सरासरी १६८ डॉलर, आणि जे व्हिडिओ जास्त पाहिले गेले त्यांत त्वचेला चुरचुरवणारे सरासरी ११ घटक. दिवसाच्या विधींपैकी फक्त २६ टक्क्यांत उन्हापासून वाचवणारं सनस्क्रीन होतं, म्हणजे जे खरोखर उपयोगाचं तेच वगळलेलं. सुरकुत्या घालवणारी क्रीम नऊ वर्षांची मुलगी लावते, तेव्हा ती नेमकी कुठल्या सुरकुत्यांवर उपचार करते? बहुधा बिल पाहून वडिलांच्या कपाळावर पडणाऱ्या. स्वीडनमधल्या एका मोठ्या औषधदुकानांच्या साखळीने २०२४ साली पंधरा वर्षांखालच्या मुलांना असल्या वस्तू पालकांच्या संमतीशिवाय विकायच्या नाहीत, असं ठरवलं. आपल्याकडे पालकांची संमती हा अडसर नसतो. पालक स्वतः रांगेत असतात. आणि हे फक्त मुलींचं आहे असं समजून मुलांच्या बापांनी सुस्कारा टाकू नये. ज्याच्या हनुवटीवर अजून सात केस आहेत तो मुलगा दाढीचं तेल घेतो आणि सातांना समान वाटून देतो. मग अंगावर फवारा असा मारतो, की तो घरातून गेल्यावर अर्ध्या तासाने तो घरात आहे असं वाटतं.

चौथा आक्षेप सरकारवर भार टाकणारा आहे: "वाईट असतं तर सरकारने विकू दिलं असतं का?" सरकार पाहतं, यात शंका नाही; फक्त ते सावकाश पाहतं. पुणे आणि नाशिक इथून लहान बाळांच्या एका प्रसिद्ध पावडरचे नमुने अन्न व औषध प्रशासनाने २०१८च्या डिसेंबरात घेतले. पावडरचा सामू ठरलेल्या मर्यादेबाहेर असल्याचं कारण देऊन मुलुंडच्या कारखान्याचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला २०२२च्या सप्टेंबरात. मुंबई उच्च न्यायालयाने कारवाईतली दिरंगाई आणि शिक्षेचा अतिरेक दाखवून तो आदेश २०२३च्या जानेवारीत रद्द केला. कंपनी बरोबर की प्रशासन, हा इथला मुद्दाच नाही. मुद्दा असा, की ज्या बाळासाठी त्या बॅचची पावडर कोणी घेतली असेल, ते निकालाच्या वेळी बालवाडीत चित्र रंगवत होतं. तपासणीची गाडी मुंबई-पुण्यात या वेगाने चालत असेल, तर ती डोंगर उतरून, होडीत बसून मणिबेलीला कधी पोचेल, याचा हिशेब त्रैराशिकाने करू नये, मन खचतं. म्हणून घोड्याचे दात ज्याचे त्यानेच बघावे लागतात. वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत. परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. एवढे पाच-सहा दात जागेवर असले, तर घोडा निदान घोडा आहे. ते नसले, तर किती का गोरा असेना, परत द्यावा. त्यानंतर पोराच्या गरजेची यादी भलतीच लहान निघते: साधा सौम्य साबण, थंडीत ओठ फुटतात त्यासाठी पेट्रोलियम जेली, उन्हात फिरणाऱ्यासाठी सनस्क्रीन, आणि पुटकुळ्या खरोखर हट्टाला पेटल्या तर खरा डॉक्टर, काउंटरमागचा नव्हे.

यावर शेवटचा आक्षेप सगळ्यात गंभीर चेहऱ्याने येतो. "अहो, जिथे पुनर्वसनाचे, रस्त्याचे, दवाखान्याचे प्रश्न उभे आहेत, तिथे तुम्ही क्रीमवर लेख लिहिता? आणि त्या पोरांनी नटूच नये, म्हणजे झालं!" यातला दुसरा भाग आधी घेऊ. सातपुड्याला नटणं शिकवायची कोणाची छाती आहे? अक्कलकुव्यातल्याच काठी गावच्या राजवाडी होळीत अंगभर राखेची आणि पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी काढून, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवून, कमरेला घुंगरं बांधून बुध्ये नावाचे नर्तक नाचतात, तेव्हा जगातली सगळी सौंदर्यप्रसाधनं फिकी पडतात. आणि तिथे गोरं दिसायचा कोणाचाही हेतू नसतो. नटणं हा आनंद आहे. भीती विकणं हा धंदा आहे. आनंदाला कोणाची हरकत नाही. हरकत आहे ती 'तुझ्या रंगात काहीतरी बिघडलंय' असं चौदाव्या वर्षी सांगून पंधराव्या वर्षी ट्यूब विकणाऱ्याला. २०२० साली 'फेअर अ‍ॅण्ड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अ‍ॅण्ड लव्हली' झालं. भीतीने आडनाव तेच ठेवलं, पाळण्यातलं नाव बदललं. आता पहिला भाग. मोठे प्रश्न असलेल्या गावात लहान चूक महाग पडते, म्हणूनच हा विषय तिथला आहे. पुण्यात चेहऱ्याची आग झाली तर रिक्षा करून त्वचारोगतज्ज्ञ गाठता येतो. मणिबेलीत आधी होडी गाठावी लागते.

शिवाय उलटतपासणीच्या बाबतीत मणिबेलीला धडे देण्याचा आगाऊपणा कोणी करू नये. १९९४ साली याच गावाच्या नावाने निघालेल्या जाहीरनाम्यात ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवायला सांगितलं होतं. जगातल्या सर्वांत मोठ्या सावकाराचे दात ज्या गावाच्या नावाने मोजले गेले, त्या गावाला वीस रुपयांच्या ट्यूबची पाठ वाचणं अवघड नाही. अवघड आहे ते आपल्याला, आणि त्याचं खरं कारण बारीक अक्षरं नाही, विचारायची सवय नसणं हे आहे. आणि ती सवय एकदा लागली, की ट्यूबपाशी थांबत नाही. मतदारसंघांच्या क्रमांकात नंदुरबार लोकसभेचा आणि अक्कलकुवा विधानसभेचा क्रमांक पहिला, आणि मणिबेलीचं मतदान केंद्र राज्यातलं पहिलं मानलं जातं. "बनवलं कोणी? परवाना कुठला? आत नेमकं काय आहे? आणि मुदत कधी संपते?" हे चार प्रश्न चौदाव्या वर्षी दुकानदाराला विचारायची सवय लागलेली मुलगी अठराव्या वर्षी त्या केंद्रावर जाईल, तेव्हा वाटेत भेटलेल्या उमेदवारालाही तेच चार विचारील. उमेदवाराला पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कशीबशी देता येतील. चौथ्याला तो नक्की म्हणेल, "चार दिवसांत फरक!"